अजून चालतंय की!

आमच्या घराण्यात वस्तू फेकून देण्याची पद्धत नाही. आजोबांच्या छत्रीच्या काड्या वडिलांनी टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून लावल्या, आणि त्यांतली शेवटची काडी मी मोरीचं भोक तुंबलं की अजून वापरतो. त्यामुळे नातीसाठी नवा कॉम्प्युटर जुळवायचं ठरलं, भाच्याने सामानाची यादी पुढे केली आणि माझी नजर ‘एसएमपीएस – साडेपाच हजार’ या ओळीवर जाऊन अडकली, यात माझा दोष नाही. रक्ताचा दोष आहे.

“हा तर आपल्याकडे आहे,” मी म्हटलं.

“कुठे मामा?”

“माळ्यावर.”

भाच्याने डोळे मिटून घेतले. माळा हा शब्द ऐकला की आमच्याकडची तरुण मंडळी असेच डोळे मिटतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरच्या पाठीमागे जिथे वायर खुपसतो, तिथे आत एक लोखंडी डबा असतो. त्याला एक पंखा आणि रंगीबेरंगी वायरींचा झुपका. घरातली २३० व्होल्टची वीज घ्यायची आणि कॉम्प्युटरला १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या घासांनी भरवायची, एवढं त्याचं काम. माझा डबा २००६ सालचा. आठ वर्षं बिनतक्रार नोकरी करून निवृत्त झालेला. निवृत्त झालेल्यांविषयी मला अलीकडे जरा जास्तच आपुलकी वाटते.

डबा खाली आला. मी फुंकर मारली, सौ. शिंकली. भाच्याने झुपक्यातली हिरवी वायर काळ्या वायरीला तारेच्या तुकड्याने जोडली आणि बटण दाबलं. पंखा फिरला!

“अजून चालतंय की!” मी ओरडलो.

“मामा, पंखा फिरला यावरून एवढंच कळलं, की पंखा फिरतो.”

आता याला काय उत्तर द्यावं? बोलण्यात हरलेल्या माणसाने इतिहासात शिरावं, असं माझं मत आहे. तिथे काही ना काही आपल्या बाजूचं सापडतंच. मी आठवडाभर वाचत बसलो.

सुरुवात तर झकास झाली. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून लोकांना वीज द्यायला सुरुवात केली, ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. पुढे एसीवाल्यांशी त्याचं मोठं भांडण झालं आणि एसीवाले जिंकले, कारण एसीचा दाब ट्रान्सफॉर्मरने हवा तसा वाढवता-उतरवता येतो आणि ती लांब नेणं परवडतं. पण न्यूयॉर्कमध्ये जुन्या डीसीचा शेवटचा पुरवठा बंद कधी झाला असेल? २००७ साली! सव्वाशे वर्षं! मी हे भाच्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, “छान.” आजकालची मुलं ‘छान’ असं म्हणतात, की पुढे बोलायची सोयच राहत नाही.

गंमत अशी, की कॉम्प्युटरच्या चिपांना लागते ती डीसीच. म्हणजे रस्त्यावर हरलेला एडिसन आमच्या माळ्यावरच्या डब्यातून बाहेर पडताना जिंकलेला असतो. एसी आत शिरते, डीसी बाहेर येते. दोन भावांच्या भांडणात मधल्या वहिनीने निभवावं, तसं तो डबा निभावत असतो.

पूर्वी हे काम भला थोरला ट्रान्सफॉर्मर करायचा. १९७५ सालच्या अल्टेअर ८८०० या कॉम्प्युटरच्या पोटात असाच एक धोंडा होता. जास्तीचा दाब उष्णतेच्या रूपाने उधळून टाकायचा, ही त्याची रीत. वीज जास्त आली, जाळली! १९७७ साली ॲपल-२ आला. स्टीव्ह जॉब्झला त्यात पंखा नको होता, म्हणून रॉड होल्ट नावाच्या इंजिनिअराने ‘स्विचिंग’ पद्धतीचा ३८ वॉटचा आटोपशीर डबा बनवला. आपल्याकडे ज्याला एसएमपीएस म्हणतात, ती हीच जात. आधी एसीची डीसी करायची (आपल्या २३० ची ती सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भरते), मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडायचे. इतक्या झपाट्याने तुकडे पाडले, की त्यांना उतरवायला मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. सगळ्या जगाने होल्टची नक्कल केली, असं जॉब्झ पुढे सांगत असे. तेवढं मात्र खरं नाही. ही युक्ती साठच्या दशकात उपग्रहांच्या पोटात जाऊन आली होती.

इथवर इतिहास माझ्या बाजूने होता. पुढे त्याने पक्ष बदलला.

१९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीचा डबा होता ६३.५ वॉटचा. दोन वर्षांत एक्सटीला १३० वॉट लागले, १९८४ च्या एटीला १९२. आमच्याकडच्या लग्नांतल्या पानांची संख्यासुद्धा इतक्या वेगाने वाढली नसेल. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची पद्धत आणली. त्याआधी डब्यातून दोन प्लग यायचे, आणि ते लावताना काळ्या वायरी काळ्या वायरींशेजारी यायला हव्यात, नाहीतर बोर्डाचे बारा वाजायचे. एटीएक्सने त्यांचा एक प्लग केला, वीस पिनांचा. पुढे त्याच्या चोवीस झाल्या.

“माझ्या डब्याला चोवीस आहेत,” मी छाती फुगवून म्हणालो. “बसतोय की नाही बघ.”

“बसतो हो. बसतो हाच तर घोटाळा आहे.”

मग भाच्याने डब्यावरचं लेबल माझ्यासमोर धरलं. वरती ठसठशीत ‘४५० वॉट’. पण खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या वायरीपुढे लिहिलं होतं १५ अँपिअर. बारा पंधरं एकशेऐंशी. बाकीची श्रीमंती सगळी ५ आणि ३.३ व्होल्टच्या वायरींवर. एके काळी कॉम्प्युटर जेवायचा ५ व्होल्टवर. २००० साली पेंटियम-४ आला, त्याच्यापासून पंक्ती हळूहळू १२ व्होल्टकडे सरकल्या. आता प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही तिथूनच जेवतात. नातीचं ग्राफिक कार्ड एकटं १७० वॉट खाणार, प्रोसेसर ऐन भरात नव्वदेक. पाहुण्यांना पुरणपोळी हवी, आणि आमच्या कोठारात चारशे माणसांना पुरेल एवढं ताक!

“जेव्हा काम नसेल तेव्हा तर पुरेल?” मी घासाघीस केली.

तिथेही पंचाईत. २०१३ साली इंटेलचे असे प्रोसेसर आले, जे झोपेत इतकी कमी वीज घेतात, की काही जुन्या डब्यांना वाटतं, समोरचा गेलाच; आणि ते स्वतःच बंद पडतात. म्हणजे जागेपणी पुरत नाही आणि झोपेत झेपत नाही.

शिवाय वय. डब्यातल्या कपॅसिटरांत एक द्रव असतो, तो वर्षानुवर्षं सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं, की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. आमच्या माळ्यावर पत्र्याखाली मे महिन्यात काय होतं, ते पापड वाळवणारी सौ. जाणते. त्यातून २००० सालाच्या आगेमागे तर असल्या कपॅसिटरांची साथच आली होती. जगभर ते फुगत, फुटत होते. कुणीतरी त्या द्रवाची कृती चोरली आणि ती अर्धवटच हाती लागली, अशी तेव्हा चर्चा होती. चोरलेल्या लोणच्यात मीठ राहून जावं तसं.

एवढं सगळं ऐकून मी म्हणालो, “जळला तर जळला. साडेपाच हजार वाचवून बघायला काय हरकत आहे?”

सौ. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मागच्या वेळी नऊशे वाचले होते.”

खोलीत कुणी काही बोललं नाही.

१९९८ सालच्या कॉम्प्युटरचा डबा मी २००२ सालच्या कॉम्प्युटरला लावला होता. तोही ‘बसला’ होता. २००३ च्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण आईला शेजारी बसवून तिच्या जात्यावरच्या ओव्या त्यावर टाइप करायची. आई म्हणायची, बहीण टाइप करायची, आणि बारा वर्षांचा हाच भाचा मध्ये बसून ‘आजी, सावकाश’ म्हणायचा. तीनशेच्या वर ओव्या झाल्या. पुढच्या वर्षी आई गेली. २००५ साली एका संध्याकाळी पट् असा आवाज आला, उग्र वास सुटला. असला डबा मरताना एकटा मरत नाही. बोर्ड गेला, हार्ड डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने नुसती मान हलवली. दुसरीकडे उतरवून ठेवायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. शुद्धलेखन तपासायला छापलेल्या पंचेचाळीस ओव्या तेवढ्या उरल्या. बहिणीने मला कधी बोल लावला नाही. भाच्यानेही या आठवड्यात तो विषय एकदाही काढला नाही. तो नुसता अँपिअर मोजत राहिला.

नात वास्तुरचना शिकते. पुढची पाच वर्षं तिची घरं त्या पेटीत राहणार.

“नवा आण,” मी म्हटलं. “आणि दुसरीकडे उतरवून ठेवायलाही काहीतरी आण.”

गेल्या रविवारी कॉम्प्युटर सुरू झाला. नवा डबा आवाजसुद्धा करत नाही. जुना भंगार इलेक्ट्रॉनिक्स गोळा करणाऱ्यांकडे द्यायला मी स्वतः गेलो. जाताना भाच्याने बजावलं, “आठवण म्हणून खोलून बघू नका, वीज काढली तरी आत धरून ठेवलेली असते.” आमच्या घराण्यासारखंच म्हणायचं.

नव्या डब्याचा पुठ्ठ्याचा खोका मात्र चांगला मजबूत निघाला. तो मी माळ्यावर ठेवलाय.