रेषा आणि रुंदी : पुण्याच्या रस्त्यांवर लोकांचा शब्द

पुणे महापालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि त्याच वर्षी सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीकडची शहर बससेवा पालिकेने आपल्याकडे घेतली. पुढची ५७ वर्षे ही सेवा पीएमटी म्हणून ओळखली गेली. बस पालिकेची झाल्यामुळे तिच्याबद्दलचे गाऱ्हाणे थेट नगरसेवकाच्या दारी नेता येऊ लागले. थांबा हलवा, शाळा सुटायच्या वेळी एक फेरी वाढवा, अशा मागण्यांचे सह्यांचे अर्ज पालिकेकडे जाऊ लागले. त्याला लोकसहभाग असे भारदस्त नाव तेव्हा कोणी दिले नव्हते, पण रस्त्याबद्दल लोकांनी बोलण्याची सुरुवात अशीच झाली.

त्याहून कितीतरी जुनी एक व्यवस्था शहराच्या अंगवळणी पडलेली होती. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेत आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते. लाखो माणसे पायी शहरात येतात, राहतात आणि पुढे जातात. त्यांच्यासाठी कोणता रस्ता कधी बंद ठेवायचा, पाणी कुठे ठेवायचे, दिंड्या कुठे उतरवायच्या हे देवस्थान, दिंड्यांचे प्रमुख, पेठांतली मंडळे, पोलीस आणि पालिका मिळून ठरवतात. चालणाऱ्या माणसासाठी रस्ता मोकळा करणे पुण्याला जमत नाही, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. ते वर्षातून ठरावीक दिवशीच का जमते, हा खरा प्रश्न आहे.

पन्नास-साठच्या दशकांत रस्ता सायकलवाल्यांचाच होता. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत ते काही कौतुकापोटी नव्हे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात किंवा पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात पाळीला जाणारा कामगार, कॉलेजचा विद्यार्थी, कारकून, सगळे सायकलवर असत. ज्याच्याकडे स्वतःची नसे तो ताशी भाड्याने घेई. सायकलला पालिकेचा पितळी बिल्ला लागे, रात्री दिवा लागे आणि डबलसीट दिसल्यास पोलीस अडवत. म्हणजे सायकलीवर कर होता, नियम होते, पण तिच्यासाठी आराखड्यात जागा राखून ठेवावी असे कोणाला वाटले नाही. सगळा रस्ताच तिचा असल्यामुळे तशी गरजही भासली नाही. १९७२ मध्ये लूना ही मोपेड बाजारात आली. आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनतच होत्या. पुढच्या दोन दशकांत सायकल रस्त्याच्या कडेला गेली आणि तिथून नाहीशी होत गेली. २०१८ च्या सुमारास नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांवर पोचला आणि त्याने शहराच्या अंदाजे लोकसंख्येलाही मागे टाकले.

या काळात रस्त्याबद्दल बोलण्याचा नागरिकाचा कायदेशीर मार्ग एकच होता आणि तो विकास आराखड्यातून जात होता. हा मार्ग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ ने आखून दिलेला होता. त्यानुसार पालिकेने प्रारूप आराखडा प्रसिद्ध करायचा, ठरावीक मुदतीत लोकांच्या हरकती व सूचना घ्यायच्या, नियोजन समितीपुढे सुनावणी करायची आणि मग आराखडा मंजुरीसाठी राज्य सरकारकडे पाठवायचा. पुण्याचे आराखडे १९६६ आणि १९८७ मध्ये मंजूर झाले. त्यापुढच्या, २००७ ते २०२७ साठीच्या प्रारूपावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती आणि सूचना आल्या. एका शहराने आपल्या नकाशावर एवढ्या संख्येने बोलावे, ही मोठीच गोष्ट होती.

मात्र या हरकतींत पायी चालणाऱ्याला बोलायला जागा फारच थोडी होती. आराखड्याच्या शीटवर रस्ता म्हणजे दोन रेषा आणि त्यांच्यामधला आकडा : १८ मीटर, २४ मीटर, ३० मीटर. ज्याचे घर किंवा दुकान त्या रेषेत येते, त्याला आपले नुकसान लगेच दिसते आणि तो हरकत घेतो. पण त्या २४ मीटरांत पदपथ किती, सायकलला किती, बस कुठे थांबणार, मोटारी कुठे उभ्या राहणार, यातले शीटवर काहीच नसते. ते सारे नंतर पालिकेच्या पथ विभागात, पूर्वगणनपत्रक आणि निविदा तयार होताना ठरते. तिथे ना जाहीर नोटीस, ना सुनावणी. कायद्याने लोकांना रुंदीवर बोलू दिले आणि त्या रुंदीची वाटणी कार्यालयावर सोडली. पुण्यातल्या नागरी संघटनांचा गेल्या चार दशकांचा झगडा मुख्यतः या वाटणीसाठी आहे.

उच्च क्षमता द्रुतगती मार्गाचे उदाहरण इथे पाहण्यासारखे आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून एचसीएमटीआर म्हणून ओळखला जाणारा सुमारे ३६ किलोमीटरचा हा वर्तुळमार्ग १९८७ च्या आराखड्यात आला, तो सार्वजनिक वाहतुकीसाठी म्हणून. तीस वर्षांनी तो कागदावरून उठून निविदेपर्यंत पोचला तेव्हा उन्नत रस्त्यावर खासगी मोटारींसाठीही मार्गिका दाखवलेल्या होत्या. नकाशावरची रेषा जवळपास तीच होती, तिच्यावरून कोण जाणार हे मात्र बदलले होते. २०१९ मध्ये नागरिकांनी केलेल्या विरोधाचा एक मुख्य मुद्दा नेमका हाच होता.

एप्रिल २००६ मध्ये केंद्राचे राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आले. रस्त्यावर वाहनांपेक्षा माणसांची ने-आण महत्त्वाची, हे सरकारी कागदावर आले. त्याच्या थोडे आधी सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून पैसेही मिळू लागले. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतून जाणारी बससेवा, प्रायोगिक स्वरूपात धावली. पुण्याने पुढाकार घेतला याचे श्रेय द्यायलाच हवे. पण ज्यांनी ती बस वापरायची त्यांच्याशी आधी पुरेसे बोलणे झाले नव्हते, हे पहिल्याच दिवसांत दिसले. थांबे रस्त्याच्या मधोमध, तिथवर पोचायचे तर धावत्या वाहनांतून वाट काढायची. कडेने सायकल मार्ग केलेले, पण पेव्हर ब्लॉकची ती पट्टी मध्येच विजेच्या खांबाला, कुठे झाडाला, कुठे महावितरणच्या पेटीला जाऊन थडके. पुढे चौकाशी ती संपे आणि सायकलवाला पुन्हा मोटारींमध्ये येई. नकाशात अखंड असलेला मार्ग जमिनीवर तुकड्यातुकड्यांचा निघाला. रोज त्या वाटेने जाणाऱ्या दोन सायकलवाल्यांना कामाआधी सोबत घेऊन फिरले असते, तरी यातल्या बऱ्याच चुका टळल्या असत्या.

ऐंशीच्या दशकापासून काम करणाऱ्या ‘परिसर’ने आणि ‘पेडेस्ट्रियन्स फर्स्ट’सारख्या पादचाऱ्यांच्या गटाने या काळात जी चिकाटी दाखवली, ती शहराने लक्षात ठेवावी अशी आहे. पदपथांची उंची मोजणे, सिग्नलला रस्ता ओलांडायला किती सेकंद मिळतात ते टिपणे, पालिकेच्या बैठकांत तेच तेच मुद्दे पुन्हा मांडणे, असे ते काम होते. १९ ऑक्टोबर २००७ रोजी पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली. ती कंपनी असल्यामुळे नगरसेवकामार्फत बसबद्दल दाद मागण्याची जुनी वाट लांब पडली. ती पोकळी ‘पीएमपी प्रवासी मंच’ने काही अंशी भरून काढली. प्रवाशांच्या तक्रारी एकत्र करून त्या प्रशासनापुढे मांडण्याचे काम मंचाने केले.

२००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून पुण्यात नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू झाली. क्षेत्रीय कार्यालयात एक साधा अर्ज मिळतो. आपल्या प्रभागातले काम आणि त्याचे ठिकाण त्यात लिहायचे. अभियंता खर्च काढतो आणि पुढे तो प्रस्ताव अंदाजपत्रकात जातो. पदपथाची दुरुस्ती, दिवा, बसथांब्याला छप्पर अशी कामे यात मोडतात. एवढ्या छोट्या कामासाठी सामान्य माणसाला पालिकेच्या पैशांवर बोलता येणे हे मोलाचे आहे. अडचण आहे ती अर्ज कोण भरते याची. सोसायटीतल्या सेवानिवृत्तांना कार्यालयात जायला सवड असते. पहाटे पायी निघून चार घरची कामे करणाऱ्या बाईला ती नसते, आणि पदपथाची गरज तिलाच सर्वांत जास्त असते.

२०१६ मध्ये पालिकेने पादचारी धोरण स्वीकारले आणि रस्त्यांच्या आखणीसाठी मार्गदर्शक सूत्रेही तयार केली. रुंदीच्या वाटणीला लेखी आधार मिळाला तो इथे. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ, बाके, झाडांभोवतीची मोकळी जागा हे त्यातून आलेले दृश्य फळ. डिसेंबर २०१७ मध्ये पालिकेच्या मुख्य सभेने आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याआधी नागरिकांच्या बैठका आणि सर्वेक्षणे झाली होती. सुरुवात बीआरटीपेक्षा खूपच बरी होती. पुढे भाडेतत्त्वावरच्या रंगीत सायकली आल्या आणि थोड्याच काळात गेल्या. मंजूर जाळ्यातले प्रत्यक्ष उतरलेले अंतर मात्र फार कमी राहिले.

११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवून पालिकेने पादचारी दिन पाळला आणि पुढे तो दरवर्षीचा झाला. २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित बालभारती–पौड फाटा रस्त्याविरुद्ध हजारो पुणेकर मोर्चाने चालत निघाले. या दोन घटनांच्या मधल्या काळात, मार्च २०२२ मध्ये, नगरसेवकांची मुदत संपून पालिका प्रशासकाच्या हाती गेली. मुख्य सभा नाही, प्रभाग समित्या नाहीत, अशी ती वर्षे होती. नगर रस्त्यावरची बीआरटी मार्गिका त्याच काळात काढली गेली. तिच्यावरून रोज जाणाऱ्या प्रवाशांची बाजू ज्या सभागृहात मांडली जायची, ते तेव्हा अस्तित्वातच नव्हते.