रिप्ले फाइल म्हणजे काय? तिने रेसिंग गेममधली चलाखी कशी उघड केली?

रेसिंग गेममधली शर्यत पुन्हा दाखवणारी रिप्ले फाइल म्हणजे व्हिडिओ नव्हे. २००८ मध्ये आलेल्या ‘ट्रॅकमेनिया नेशन्स फॉरेव्हर’च्या रिप्लेमध्ये खेळाडूने कोणती कळ कधी दाबली, स्टीअरिंग किती वळवलं, याची नोंद असते. तीही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत.

पार्सर काय करतो?

ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर सुरुवातीची ‘जीबीएक्स’ ही तीन अक्षरं कळतात; पुढे बहुतेक अगम्य चिन्हं. त्यातला कोणता भाग वेळेचा, कोणता स्टीअरिंगचा, हे ओळखून आकडे वेगळे काढणारा प्रोग्रॅम म्हणजे पार्सर. अनेक हौशी प्रोग्रॅमर असे पार्सर फावल्या वेळात लिहितात.

२०२१ मध्ये काय घडलं?

‘डोनाडिगो’ नावाने ओळखला जाणारा प्रोग्रॅमर आणि यूट्यूबर ‘विर्चुअल’ यांनी जुन्या विक्रमांचे रिप्ले तपासले. काहींमध्ये स्टीअरिंगच्या हालचाली माणसाच्या हाताला जमणार नाहीत इतक्या जलद होत्या. गेमचा वेग कमी करून खेळल्याची ही खूण होती. रिप्ले गेममधली वेळ मोजतो, त्यामुळे पाहताना शर्यत नेहमीसारखीच दिसायची. चलाखी दिसली ती आकड्यांत.

हे शिकायला महागडी यंत्रणा लागत नाही. श्रीरामपूरमधल्या घरातला साधा लॅपटॉप, मोफत मिळणारं पायथन आणि स्वतःच्याच शर्यतीची एक फाइल सुरुवातीला पुरते.