भर्तव्य आणि अनुदान : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

अपंग बालकाचा सांभाळ कोणी करावा व त्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न आधुनिक कल्याणकारी राज्याने प्रथम उपस्थित केला, असा एक समज अभ्यासकांत रूढ आहे. तो बरोबर नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या दायविभागात अंध, पंगू, जड, उन्मत्त इत्यादींना वारसाहक्कातून वगळले आहे. परंतु त्याच ठिकाणी त्यांना ‘भर्तव्य’, म्हणजे ज्यांचे पोषण केलेच पाहिजे असे, म्हटले आहे. ज्याने वाटा घेतला त्याने पोसावे, असा त्यातील हिशेब. या स्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा कल्याणीच्या चालुक्य दरबारी लिहिली गेली, आणि कल्याणी ही काही मराठवाड्याला परकी नव्हे. पुढे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अपंगत्वामुळे येणारी अपात्रता संपूर्णपणे रद्द केली. वाटा मिळाला, हे योग्यच झाले. परंतु ज्या घरात वाटण्यासारखे काही नाही तेथे पोषणाचा भार कोणावर, या प्रश्नाला जुन्या शास्त्रात उत्तर नव्हते आणि नव्या कायद्यातही ते नव्हते.

बीड जिल्ह्यात हे उत्तर उशिरा आले, याला राजकीय कारण आहे. मुंबई इलाख्यात बालकांविषयीचा कायदा १९२४ साली झाला व निराधार मुलाला एखाद्या ‘योग्य व्यक्ती’च्या स्वाधीन करण्याची तरतूद त्यात होती. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा येथे लागू नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्रात. बालन्यायाचा एकसारखा कायदा देशभर लागू होण्यास १९८६ चा अधिनियम यावा लागला. संगोपनासाठी परक्या कुटुंबात मूल ठेवण्याची कल्पना २००० च्या व त्यानंतर २०१५ च्या अधिनियमात अधिक स्पष्ट झाली.

महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना हा या इतिहासातील आपल्या दृष्टीने मुख्य भाग होय. अनाथ, एकच पालक हयात असलेली, पालक दुर्धर आजाराने अंथरुणास खिळलेली, तसेच स्वतः अपंग असलेली बालके तिच्या कक्षेत येतात. बालकल्याण समितीचा आदेश व गृहभेट यांनंतर अनुदान बालकाच्या घरी जाते. हे अनुदान दीर्घकाळ दरमहा ४२५ रुपये होते. कोविडच्या साथीत एकल मातांचा प्रश्न तीव्र झाल्यावर २०२१ मध्ये ते १,१०० रुपये, आणि २०२३ मध्ये २,२५० रुपये झाले. त्याच वर्षी योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. हे नामकरण अर्थपूर्ण आहे, पण त्यात एक विसंगतीही आहे. सावित्रीबाईंनी व जोतीरावांनी दत्तक घेतलेला यशवंत हा त्यांच्या रक्तनात्याचा नव्हता. उलट योजनेच्या पात्रतेतील एकल पालकांचे कलम पाहता तिचा पैसा मोठ्या अंशी मुलाच्या स्वतःच्याच आप्तांकडे जाणार हे उघड आहे. म्हणजे ‘संगोपन’ या शब्दाचा अर्थ येथे परक्याच्या मुलाला वाढवणे एवढाच न राहता मोडत्या घराला टेकू देणे असाही झाला आहे. आमच्या मते हा अर्थविस्तार स्वागतार्ह आहे.

बीडमध्ये त्याचे महत्त्व विशेष आहे. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या डोंगराळ तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास कोयत्याच्या जोड्या ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको दोघांचेही हात लागतात. धडधाकट मूल बरोबर नेता येते, किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येते. जे चालू शकत नाही, ज्याला भरवावे लागते, ते मात्र आजीकडेच राहते. वर्षातील पाच-सहा महिने ही आजीच वस्तुतः पालक असते. कागदोपत्री तिला स्थान नसते, कारण आई-बाप दोघेही हयात आहेत. ही अवस्था एकल पालकत्वाच्या व्याख्येत बसत नाही. हंगामापुरते पालकत्व ही कल्पना आपल्या कायद्याला अद्याप सुचलेली नाही.

याहून गंभीर प्रश्न रकमेचा आहे. बालसंगोपनाचा दर बालकागणिक एकच: धडधाकट मुलाला जेवढा, तेवढाच सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला. केंद्राच्या मिशन वात्सल्याच्या २०२२ च्या सूचनांतही दरमहा ४,००० रुपये हा एकच आकडा आहे. दुसरीकडे, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा अधिनियम सांगतो की, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांच्या तत्सम योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे (कलम २४). बालसंगोपनास हे सूत्र लावले तर २,२५० रुपयांचे २,८१२ रुपये ५० पैसे होतात. ही योजना त्या कलमात येते की नाही याविषयी वाद होऊ शकेल. परंतु अपंगत्व हा पात्रतेचा निकष मानणारी योजना त्या कलमाच्या बाहेर कशी राहते, हे आम्हांस समजत नाही. त्याच अधिनियमाचे नववे कलमही पाहावे. आई-वडील सांभाळू शकत नसतील तर अपंग बालकास न्यायालयाने प्रथम जवळच्या नातलगांकडे, ते शक्य नसल्यास समाजातील कुटुंबसदृश वातावरणात, आणि अपवादानेच आश्रयगृहात ठेवावे, असा त्यातील क्रम आहे. कायद्याने नातलगाला पहिले स्थान दिले; त्या स्थानाला पुरेल एवढा पैसा दिला नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आधार आहे, हे मान्य. १९८० पासूनच्या या योजनेची रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. पण तिचा अर्ज तहसील कार्यालयात आणि बालसंगोपनाचा महिला व बालविकास विभागाकडे. शिवाय अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचा दाखला हवा. डोंगरपट्ट्यातील वृद्धेने मुलाला कडेवर घेऊन बीडला किंवा अंबाजोगाईला किती खेपा घालायच्या, याचा हिशेब कोणत्याही शासननिर्णयात आढळत नाही. बुडालेल्या मजुरीचाही नाही.

आणि मग अठरावे वर्ष येते. बालसंगोपनाचे अनुदान त्या दिवशी थांबते. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव दिले आणि अठरा वर्षांनंतरही त्यांना तेथेच राहू द्यावे, असा आग्रह अनेक वर्षे धरला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा आग्रह एका संस्थेपुरता होता, पण प्रश्न प्रत्येक घराचा आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते. त्या पालकाला मानधन मात्र नाही. अठरा वर्षे अनुदानावर मूल वाढवणारी आजी तोवर हयात असेलच असे नाही, आणि तिच्या जागी येणाऱ्या चुलत्याला किंवा मामाला कायदा पुन्हा तेच सांगतो जे याज्ञवल्क्याने सांगितले होते: हा भर्तव्य आहे.