मज्जातंतूवरचा घाव नेमका कुठे?

२०२५च्या जानेवारीत पुण्यात धास्ती पसरवणाऱ्या ‘जीबीएस’ची कथा १९१६च्या फ्रान्समध्ये सुरू होते. दोन सैनिकांचे हातपाय लुळे पडले, पुढे ते सावरले. गियाँ, बारे आणि स्त्रोल यांनी नोंद केली: मेरुद्रवात प्रथिने वाढलेली, पेशी मात्र नाहीत. नावात उरले पहिले दोघे. स्त्रोल बिचारे गळाले.

१९५५ मध्ये वॅक्समन आणि ॲडम्स यांनी सशांना मज्जातंतूचाच अंश टोचून तसाच विकार घडवला. तंतूवरचे मायलिनचे वेष्टन झडलेले दिसले आणि पुढे कित्येक वर्षे सारे लक्ष त्या वेष्टनावरच खिळले.

वास्तविक वेष्टनात ठरावीक अंतरावर फटी असतात, हे रॅन्व्हिए यांनी १८७०च्या दशकातच दाखवले होते. विद्युतसंदेश याच फटींवरून उड्या घेत धावतो.

१९९३ मध्ये जपानी संशोधकांना उलगडा झाला: फिशर यांनी १९५६ मध्ये वर्णिलेल्या प्रकारात डोळेच का थिजतात? त्या रुग्णांतील प्रतिपिंडांचे लक्ष्य, जीक्यू१बी, मानवी नेत्रचालक चेतांमध्ये फटींच्या कडेलाच दाटलेले होते!

उत्तर चीनमध्ये दर उन्हाळ्यात खेड्यांतील मुले लुळी पडत. दगावलेल्यांच्या तंतूंत वेष्टन बहुतांशी शाबूत होते. प्रतिपिंडे चिकटली होती फटीतल्या उघड्या तंतूला.

मग फटीकाठची न्यूरोफॅसिन-१५५ व कॉन्टॅक्टिन-१ ही प्रथिनेही लक्ष्य ठरली. अशा रुग्णांना नेहमीचे इम्युनोग्लोब्युलिन बहुधा लागू पडत नाही, रिटुक्सिमॅब पुष्कळदा पडते. म्हणूनच २०२१च्या युरोपीय मार्गदर्शिकेने त्यांचा वर्ग निराळा केला.