घरचा ईव्ही चार्जर बंद पडलाय? साधा चार्जर बसवण्याआधी हे समजून घ्या

संध्याकाळी गाडी चार्जिंगला लावली आणि सकाळी पाहिलं, तर बॅटरीचे टक्के होते तेवढेच. भिंतीवरच्या डब्यावर लाल दिवा, मोबाइलमधलं ॲप ‘ऑफलाइन’ म्हणतंय. मोठ्या शहरात कंपनीचा माणूस एक-दोन दिवसांत येतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावी मात्र तो अकोल्याहून किंवा त्याहूनही लांबून येणार, तोवर गाडी दारातच. मग प्रश्न पडतो की पुन्हा तसाच महागडा स्मार्ट चार्जर घ्यायचा, की साधा चालेल?

थोडक्यात उत्तर असं की बहुतेक घरांना साधा चार्जर पुरतो. काटकसर डब्यात करा, अर्थिंग आणि वायरिंगमध्ये मात्र करू नका. ते का, हे पाहू.

भिंतीवरचा ‘चार्जर’ खरं तर चार्जर नसतोच

घरात येणारी वीज एसी असते आणि बॅटरीला डीसी लागते. हे रूपांतर करणारं यंत्र गाडीच्या आत बसवलेलं असतं. त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. भिंतीवरचा डबा हा एक हुशार स्विच आहे.

प्लग लावला की डबा आणि गाडी एका बारीक तारेवरून बोलतात. गाडी जोडलेली नसताना त्या तारेवर १२ व्होल्ट असतात, जोडल्यावर ९ आणि चार्जिंग सुरू होताना ६. याच तारेवर सेकंदाला १,००० स्पंदनं जातात. स्पंदन किती वेळ चालू राहतं, यावरून गाडीला कळतं की किती करंट घ्यायचा. २७ टक्के वेळ चालू म्हणजे सुमारे १६ अँपिअर, ५३ टक्के म्हणजे सुमारे ३२. एवढं झालं की डब्यातला कॉन्टॅक्टर ‘टक्’ करून लागतो आणि वीज गाडीत जाते.

या कामाला वायफाय, ॲप किंवा कार्ड लागत नाही. एनेल एक्स वे ही कंपनी ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या व्यवसायातून बाहेर पडली, तेव्हा तिच्या ‘ज्यूसबॉक्स’ चार्जरच्या हजारो मालकांपुढे ॲप बंद होण्याचा प्रश्न उभा राहिला. घरातले डबे गाडी चार्ज करतच राहणार होते, फक्त त्यांच्यातला ‘स्मार्ट’पणा जाणार होता.

आधी खात्री करा: बिघडलंय काय?

लाल दिवा म्हणजे डबा मेला, असं नाही. पुष्कळदा डबा ठणठणीत असतो आणि अर्थिंग बरोबर नाही म्हणून वीज सोडत नाही. म्हणून हा क्रम पाळा:

१. चार्जरचा एमसीबी बंद करून काही मिनिटांनी पुन्हा चालू करा.
२. गाडी दुसऱ्या ठिकाणी लावून पाहा. तिथेही चार्ज होत नसेल, तर दोष गाडीत किंवा केबलमध्ये असू शकतो.
३. वायरमनकडून मीटर लावून व्होल्टेज तपासून घ्या. फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे.
४. डबा स्वतः उघडू नका.

डबा खरंच जळला असेल, तर कशामुळे जळला हेही शोधा. वादळात वीज पडल्यावर लाइनवर येणारा झटका हे एक कारण. दुसरं म्हणजे न्यूट्रल तुटणं किंवा सैल होणं. तसं झालं की घरातलं व्होल्टेज २३० वरून ४०० च्या दिशेने चढू शकतं. कारण न शोधता नवा डबा लावला, तर तोही त्याच वाटेने जाईल. घराच्या बोर्डात सर्ज संरक्षक उपकरण बसवणं इथे कामी येतं.

जळगाव जामोदमध्ये अर्थिंगचा वेगळा पेच

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा भाग खारपाणपट्ट्यात येतो. माती आणि भूजल दोन्हींत क्षार आहेत. ओल्या खारट मातीतून वीज सहज वाहते, पण हाच खार अर्थिंगचा लोखंडी पाइप आणि त्याचे जोड खातो. त्यात काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपापासून सुटते. त्यामुळे घर बांधताना उत्तम असलेलं अर्थिंग काही वर्षांनी नावापुरतंच उरू शकतं. फ्रिज आणि पंखे तरीही चालतात, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो चार्जर अडून बसल्यावर.

अर्थिंगचा रोध साधारण ५ ओहमच्या आत हवा. तो अर्थ टेस्टरने मोजतात, बल्ब लावून नाही. उन्हाळ्याच्या शेवटी, माती सर्वांत कोरडी असताना मोजलेला आकडा जास्त विश्वासाचा.

हा जुगाड कधीही करू नका

चार्जर ‘अर्थ फॉल्ट’ दाखवतोय म्हटल्यावर काही जण सॉकेटच्या मागे अर्थ आणि न्यूट्रल एकत्र जोडून देतात. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते आणि सगळे खूश. पण उद्या न्यूट्रल तुटली, तर तोच जोड गाडीच्या पत्र्यापर्यंत २३० व्होल्ट नेतो. अंगणात उभ्या गाडीला पावसात अनवाणी पायाने हात लावणारं घरातलं लेकरू असू शकतं. लाल दिवा त्याच्या जिवासाठीच लागलेला असतो.

साधा चार्जर कोणता घ्यावा?

आधी गाडीचा ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॅटचा आहे, ते माहितीपुस्तिकेत पाहा. तो ३.३ किलोवॅटचा असेल, तर भिंतीवर ७.४ किलोवॅटचा डबा लावूनही वेग वाढणार नाही.

३.३ किलोवॅटचा पोर्टेबल चार्जर: १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. रात्रभरात, म्हणजे ८ तासांत, साधारण २६ युनिट घेतो. थोडी वीज वाया जाते हे धरून आणि युनिटला ६ किलोमीटर मोजले, तरी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे गाडी जाते. शेगाव किंवा खामगावला जाऊन परत यायला एवढं पुरतं. व्होल्टेज कमी असेल, तर वेळ वाढेल.

७.४ किलोवॅटचा बिनॲपचा डबा: ३२ अँपिअर घेतो. रोज लांबचा प्रवास असेल तरच घ्या. आधी वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ पाहा. तो कमी असेल, तर महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज करावा लागेल.

साध्या चार्जरमध्ये काय गमवाल? वेळ लावण्याची सोय बहुतेक गाड्यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये असते. युनिट मोजायला वेगळा सबमीटर लावता येतो. घरातला इतर भार पाहून करंट आपोआप कमी करण्याची सोय मात्र जाते. त्यामुळे मोटर, गिझर आणि गाडी एकाच वेळी चालू नको.

या चार गोष्टींत तडजोड नको

- वेगळी लाइन: बोर्डापासून थेट चार्जरपर्यंत तांब्याची वायर. १६ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटर, ३२ साठी किमान ६, अंतर जास्त असेल तर १०. करंट दुप्पट झाला की वायर चौपट तापते.
- योग्य आरसीसीबी: ३० मिलिअँपिअरचा, ‘टाइप ए’. डब्यात ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय हवी, नसेल तर ‘टाइप बी’ आरसीसीबी लागतो. जुन्या घरांतला ‘टाइप एसी’ इथे पुरेसा नाही.
- घट्ट सॉकेट: एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. तासाभराने प्लगला हात लावून पाहा. कोमट ठीक, चटका बसला तर लगेच बंद करा.
- परवानाधारक वायरमन: काम झाल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून, अर्थिंगचा आकडा मोजून लिहून घ्या.

घरच्या मीटरवर गाडी चार्ज करायला वेगळं कनेक्शन सक्तीचं नाही. पण महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीड-पावणेदोनशे युनिट वाढतात आणि बिल वरच्या टप्प्यात जाऊ शकतं, हे हिशेबात धरा.

नवा डबा मागवण्याआधी वायरमनला बोलवा आणि अर्थिंग मोजून घ्या. कदाचित जुना डबा चांगलाच निघेल.