जीपच्या वाकलेल्या चासीचे मापन आणि सरळीकरण

1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या छोट्या जीपचा व्हीलबेस 80 इंच, म्हणजे 2032 मिलिमीटर. तिची चासी शिडीसारखी असते: दोन लांब साइड मेंबर आणि त्यांना जोडणारे क्रॉसमेंबर. जुनी जीप नव्याने उभी करताना अनेकजण आधी इंजिन आणि रंगाला हात घालतात आणि चासीकडे शेवटी वळतात. हा क्रम घातक आहे. चासी वाकडी असली की बॉडीचे बोल्ट ओढूनताणून बसवावे लागतात, गाडी एका बाजूला ओढते आणि टायर विषम झिजतात.

चासीतला दोष पाच प्रकारांचा असू शकतो: बाजूला वाकणे, मध्ये खचणे, लांबीत दबणे, एक साइड मेंबर दुसऱ्याच्या पुढे सरकणे आणि पिळा पडणे. पहिले तीन सहसा नजरेला किंवा ताणलेल्या दोरीला दिसतात.

सरकण्याचा दोष कर्णांवरून कळतो. समजा, मापाचे चार बिंदू लांबीत 2000 आणि रुंदीत 750 मिलिमीटर अंतरावर आहेत. एक साइड मेंबर 10 मिलिमीटर पुढे गेला तर एक कर्ण वाढतो, दुसरा घटतो आणि दोघांत सुमारे 19 मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे कर्ण हा दोष जवळजवळ दुप्पट करून दाखवतो.

पिळ्याच्या बाबतीत मात्र कर्ण मोजणारी हीच टेप आंधळी ठरते. एक कोपरा 20 मिलिमीटर वर उचलला गेला तरी कर्ण जेमतेम 0.1 मिलिमीटरने बदलतो. कर्ण जुळले म्हणून चासी निर्दोष ठरवणे ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे. पिळा उंचीतच मोजावा लागतो आणि त्यासाठी पाणसळीची नळी उत्तम.

इथे आधार कसा दिला हेही महत्त्वाचे. पन्हळीसारख्या उघड्या छेदाचा मेंबर पिळ्याला फार कमी विरोध करतो. त्याच मापाची बंद पेटी शेकडो पट ताठ असते. त्यामुळे असमान जमिनीवर चार घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) ठेवलेली उघडी चासी जमिनीचाच पिळा घेते आणि आपण तो अपघाताचा समजतो. म्हणून पुढे दोन घोडे पाणसळीत आणि मागच्या क्रॉसमेंबरच्या मध्याखाली एकच, असा तीन बिंदूंचा आधार मी आग्रहाने सांगतो. मग मागच्या दोन कोपऱ्यांच्या उंचीतला फरक हाच खरा पिळा.

ओढण्याचा क्रम धडकेच्या उलट असतो. शेवटी घडलेले आधी सोडवायचे; म्हणून बहुधा पिळा आणि सरकणे प्रथम, बाजूचा वाक नंतर. साध्या मऊ पोलादाचा एक मीटरचा तुकडा सुमारे 1.25 मिलिमीटर ताणेपर्यंत मूळ लांबीवर परततो. त्यापुढेच कायमचा बदल होतो. त्यामुळे साखळी आणि जॅकने रेषेच्या थोडे पलीकडे ओढावे, ताण तसाच ठेवून वाकाभोवती हातोडीने ठोकावे, मग सोडून पुन्हा मोजावे. पाच लहान ओढी एका मोठ्या ओढीपेक्षा सुरक्षित. 3 मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत मी तरी मान्य करणार नाही.

उष्णता अगदी जपून. पोलाद 650 अंश सेल्सिअसच्या खाली, म्हणजे जेमतेम मंद लालीपर्यंतच तापवावे आणि हवेत आपोआप थंड होऊ द्यावे. पाणी ओतू नये.

मेंबरला तीव्र घडी पडली असेल किंवा रिव्हेटच्या भोकापासून तडा गेला असेल, तर नुसते सरळ करून भागत नाही. तड्याच्या टोकाला छिद्र पाडून तो थांबवावा, मग वेल्डिंगने भरून आतून जोडपट्टी लावावी. जोडपट्टीची टोके निमुळती ठेवावीत आणि मेंबरच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवे वेल्डिंग टाळावे. नवा तडा नेमका तिथूनच सुरू होतो.