अस्सल, नक्कल आणि फेरफार

महसूल कचेरीच्या बाकावर ज्याने आयुष्यातील चार-दोन दुपारी घालविल्या आहेत, अशा आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही कास्तकाराला तीन शब्दांचा अर्थ कोश न उघडता सांगता येतो: अस्सल, नक्कल आणि फेरफार. अस्सल दप्तर कचेरीच्या कपाटात बासनात बांधलेले असते आणि ते सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. नक्कल अर्ज आणि फी दिल्यावर हाती येते, आणि तिच्यावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का उमटला की कर्ज, खरेदीखत, कोर्टकज्जा हे सारे तिच्याच भरवशावर चालते. आणि फेरफार म्हणजे ती नोंद, जी पटवारी गाव नमुना सहात उतरवितो, जिच्यावर हरकती मागविल्या जातात, आणि मंडळ अधिकाऱ्याची सही झाल्यावर जिच्या आधाराने सातबारावरील नाव बदलते. आमच्या गावाचे नाव हाच मुळी एक फेरफार आहे. ‘आईन-ए-अकबरी’त या परगण्याची नोंद ‘योत-लोहारा’ अशी आहे. पुढे त्या योताला परगण्याचे वाचक असे ‘महाल’ हे पद चिकटले, आणि महालाचा अपभ्रंश होऊन यवतमाळ झाले, असे गॅझेटियरकार सांगतात. नावातून गळालेले लोहारा मात्र आजही शहराच्या कुशीत आहे.

ही कचेरीतील पदे एका अगदी परक्या विषयाची कुळकथा सांगताना उपयोगी पडतील, असे मला कधी वाटले नव्हते. परंतु माझ्या पुतण्याने घरातील धान्याच्या कोठ्यांची खोली बळकावून तेथे संगणक, एका जुन्या मोटारीचे आसन, दोन पायपट्ट्या आणि एक नियंत्रक दांडी यांची प्रतिष्ठापना केली, आणि तो तेथे बसून रोज रात्री लढाऊ विमाने उडवू लागला. मी एकदा ‘खेळ संपला की जेवायला ये’ असे म्हणालो, तेव्हा तो किंचित दुखावल्या स्वरात म्हणाला, “हा गेम नोहे काका, सिम आहे.” गेम आणि सिम, म्हणजे सिम्युलेटर, यांतील जो भेद त्याला माझ्या पानावरील भाकरीपेक्षाही महत्त्वाचा वाटला, त्याचा माग काढता काढता मी जेथे जाऊन पोहोचलो, ते स्थळ विमानतळ नव्हते, युद्धभूमीही नव्हती, तो वाद्यांचा कारखाना होता.

न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी लिंक नामक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. त्या घरातील एडविन लिंक या तरुणाला विमानविद्येचे वेड लागले. परंतु शिकवणीचे दर त्या काळी इतके भारी होते की आकाशात घालविलेली प्रत्येक घटका खिशाला जाणवे. आपल्याकडील भजनी मंडळात पेटी वाजविणाऱ्याचा डावा हात भात्यावर असतो, आणि त्या भात्यातील वाऱ्याला कोणत्या झडपेतून वाट द्यायची हे उजव्या हाताची बोटे ठरवितात, हे ज्याने पाहिले आहे त्याला लिंकची युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. कारखान्याच्या तळघरात दीड वर्ष खपून त्याने लाकडाचे एक ठेंगणे विमान केले, ते ऑर्गनच्या भात्यांवर बसविले, आणि विद्यार्थ्याने दांडी हलविली की झडपा उघडमीट होऊन एक भाता फुगावा, दुसरा बसावा, आणि ते लाकडी धूड खऱ्या विमानासारखे कलावे, नाक वर करावे, गिरकी घ्यावी, अशी योजना केली. १९२९ साली त्याने एकस्वासाठी अर्ज केला आणि १९३१ साली ते त्याला मिळाले. आणि त्या एकस्वाच्या शीर्षकातच, हे उपकरण विद्यार्थी वैमानिकांच्या शिक्षणासाठीही आहे आणि करमणुकीसाठीही आहे, असे दोन्ही हेतू एका दमात नमूद केलेले होते. शिक्षण की करमणूक हा माझा आणि पुतण्याचा वाद जन्मदाखल्यातच लिहिलेला होता म्हणायचा.

पहिली काही वर्षे करमणुकीचे पारडे जड राहिले. विमानशाळांनी त्या पेटीकडे ढुंकून पाहिले नाही, आणि बहुतेक यंत्रे जत्रेतल्या पाळण्यांच्या शेजारी जाऊन बसली. मग १९३४ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी खाजगी कंपन्यांचे टपालाचे मक्ते रद्द करून ते काम लष्करी वैमानिकांवर सोपविले. ऐन हिवाळ्यात, धुक्यात आणि रात्री, केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची सवय नसलेले तरुण काही आठवड्यांत एकामागून एक मरू लागले. तेव्हा कोठे लष्कराला त्या जत्रेतल्या खेळण्याची आठवण झाली, आणि दर नगास साडेतीन हजार डॉलर या भावाने सहा यंत्रे खरेदी झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत दहा हजारांच्या वर यंत्रे बनली; निळ्या रंगाची ती पेटी भारतातल्या वैमानिक-शाळांतही पोहोचली. विद्यार्थ्याच्या डोक्यावर झाकण पडे, बाहेरचे जग नाहीसे होई, आणि शेजारच्या मेजावर तीन चाकांचे एक छोटे यंत्र, ज्याला तेथील लोक ‘खेकडा’ म्हणत, नकाशावर शाईने त्याचा मार्ग रेखाटीत जाई. विद्यार्थी खाली उतरला म्हणजे तो कोठे भरकटला होता हे त्या शाईच्या रेषेवरून गुरुजी त्याला दाखवीत. नकलेचे मोल असे आहे की ती चूक करू देते आणि चुकीची नोंदही ठेवते; अस्सल विमान यातले पहिले करू देत नाही, आणि दुसरे पुष्कळदा दुसऱ्यांना करावे लागते.

भाता जाऊन संगणक आला, त्या मधल्या पन्नास वर्षांत मी फारसा रेंगाळणार नाही. इलिनॉय विद्यापीठात १९७५ साली याच विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या ब्रूस आर्टविक याने १९८०च्या सुमारास ॲपलच्या घरगुती संगणकावर रेघारेघांचे विमान उडविले. पुढे त्याचीच वंशावळ मायक्रोसॉफ्टच्या नावाने १९८२ पासून चालू झाली. पण गमतीची गोष्ट अशी की त्या पहिल्या, अत्यंत दरिद्री चित्रांच्या खेळातही पहिल्या महायुद्धातील हवाई लढाईची सोय होती. माणसाला नुसते उडून समाधान होत नाही.

खरी कुळकथा सुरू होते ती १९९८च्या डिसेंबरात. त्या महिन्यात ‘फाल्कन ४.०’ हा खेळ बाजारात आला. त्यात एफ-१६ हे एकच विमान उडविता येई, आणि त्याबरोबर मिळणारी पुस्तिका कड्यांच्या जाड फायलीत घातलेली, सुमारे सहाशे पृष्ठांची होती. एखाद्या खात्याचे नियमपुस्तक असावे तशी. कोरियाच्या भूमीवर एक संपूर्ण युद्ध त्यात चालू असे, आणि खेळणारा झोपला वा जागा राहिला तरी रणगाडे पुढे सरकत, पूल पडत, विमाने उडत. म्हणजे खेळणारा हा त्या युद्धाचा नायक नसून त्यातील एक शिपाई होता. माझ्या मते या प्रकारच्या खेळांतील वास्तवतेचा सर्वांत मोठा शोध हाच आहे. मात्र एवढा मोठा संसार घाईने मांडल्यामुळे त्यात दोषही अपार होते, आणि ते पुरते दुरुस्त होण्यापूर्वीच, १९९९च्या अखेरीस, तो बनविणारी कार्यशाळा मालक कंपनीने बंद केली. कुटुंबाचा कर्ता गेला, शेत पडीक राहिले, आणि वारस कोण ते ठरले नव्हते.

मग १९९९ ते २००० या काळात जे घडले त्याला पटवाऱ्याच्या भाषेखेरीज दुसरी भाषा मला सुचत नाही. आधी काही हौशी मंडळींनी, मूळ लेख हाती नसताना, तयार संगणक-फाइलीतील आकडे एकेक करून बदलण्याचा उद्योग आरंभला: अमुक क्षेपणास्त्र इतक्या अंतरावर लागणार नाही, तमुक विमान इतक्या वेगाने वळणार नाही. मग एप्रिल २००० मध्ये त्या खेळाचा मूळ कार्यक्रम-लेख, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो कोणीतरी गुपचूप बाहेर सोडला. अस्सल दप्तर कपाटातून बाहेर आले. कायद्याने ते वर्तन गैर होते यात शंका नाही, आणि त्याचे समर्थन करण्याची मला हौस नाही. पण त्या एका गैरवर्तनातून जी परंपरा निघाली ती पाव शतक टिकली आहे. गट झाले, गटांत भाऊबंदकी झाली, एकाने केलेला फेरफार दुसऱ्याने अमान्य केला, आणि त्या सगळ्यातून ‘बीएमएस’ नावाची जी शाखा उरली ती आजही नवनव्या आवृत्त्या विनामूल्य काढते. तिची एक अट मला फार आवडते: १९९८ सालचा मूळ खेळ विकत घेतलेला असल्याखेरीज ती संगणकावर बसत नाही. सातबाऱ्यावर मूळ मालकाचे नाव असल्याखेरीज फेरफाराला आधार कोठला!

याच्या नेमके उलट उदाहरण रशियातले. ओलेग मॅडॉक्स या अभियंत्याने २००१ साली ‘आयएल-२ स्टुर्मोव्हिक’ हा दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत विमानाचा खेळ काढला, आणि त्याच्या फाइली कडेकोट कुलपात ठेवल्या, कारण दूरदेशीचे खेळाडू एकमेकांविरुद्ध उडत असता कोणी आपल्या विमानाचा वेग गुपचूप वाढविला तर खेळात अर्थच राहिला नसता. ते कुलूप २००७च्या सुमारास फुटले. लागलीच दोन तट पडले: नवी विमाने, नवे आवाज, नवे नकाशे मिळाल्याने हर्षभरित झालेला एक, आणि आता समोरच्या विमानावर विश्वास ठेवायचा तरी कसा, असे विचारणारा दुसरा. पुढे ‘डायडॅलोस’ नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाला मूळ लेख अधिकृतपणे मिळाला आणि त्यांनी केलेल्या सुधारणा मालकाच्या संमतीने प्रसिद्ध होऊ लागल्या. नोंद तीच, पण मंडळ अधिकाऱ्याची सही असलेली. कचेरीत ज्याने भावाविरुद्ध हरकत घेतली आहे त्याला या तंट्याचे मर्म कोणी समजावून द्यायला नको.

आता प्रश्न असा की हे सारे लोक ज्या वास्तवतेसाठी भांडतात ती आहे तरी काय? विमान वळताना वैमानिकाच्या देहावर त्याच्या वजनाच्या सात-आठ पट भार येतो, रक्त मेंदूतून उतरते, दृष्टी काळवंडते. धान्याच्या खोलीतील आसनावर यातले काही घडत नाही, फार तर पडद्याच्या कडा काळ्या होतात. म्हणजे जी गोष्ट सर्वांत अस्सल, तीच नकलेत येत नाही. जे येऊ शकते ते वेगळे: कोणता खटका आधी, कोणता नंतर; हवा कोणत्या कोनापर्यंत पंखाला धरून वाहते आणि कोठे सुटते; रडारला काय दिसते आणि काय दिसत नाही. यातील पुष्कळशी माहिती शासकीय गुपित असते, आणि तिच्या मोहाने माणसे अडचणीतही आली आहेत. एफ-१६च्या माहितीपुस्तिका मिळवून देशाबाहेर नेण्याच्या प्रयत्नाबद्दल अशाच एका खेळाच्या कारागिरावर अमेरिकेत खटला झाला आणि २०१९ साली त्याने गुन्हा कबूल केला. गावी येणारा बहुरूपी फौजदाराचे सोंग घेतो तेव्हा त्याचा पट्टा आणि टोपी हुबेहूब असली तरी चालते. पण त्याने खरोखरीचा वॉरंट खिशात ठेवायला सुरुवात केली तर त्याला खरा फौजदारच पकडून नेईल.

आमच्या पुतण्याचे आवडते विमान मिग-२१ आहे, आणि या निवडीत महाराष्ट्राचा धागा आहे. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा जो कारखाना उभा राहिला तो मिगसाठीच. या विमानाच्या ‘बिस’ प्रकाराची तपशीलवार नक्कल २०१४ साली एका स्वतंत्र मंडळीने ‘डीसीएस’ या खेळासाठी तयार केली. त्या नकलेतही हे विमान सुमारे ताशी ३०० किलोमीटर वेगाने जमिनीला टेकते, आणि उतरताना इंजिन अकाली मंद केले तर पंखांच्या मागील पट्ट्यांवरून फुंकली जाणारी हवा आटते व विमान एकाएकी खाली बसते. पुतण्या पहिल्या महिन्यात किती वेळा कोसळला याची मोजदाद मी ठेवली नाही. त्याने ठेवली आहे, एका वहीत, तारीख-वार. ती वही पाहताना मला तो बिंगहॅम्टनचा खेकडा आठवला.

आणि दुसरेही काही आठवले. आपल्या हवाई दलातील तरुण वैमानिक कित्येक वर्षे ‘किरण’सारख्या मंद जेटवर शिकून एकदम याच विमानावर जात. मधली पायरी हवी, प्रगत प्रशिक्षण-विमान हवे, अशी शिफारस ला फॉन्टेन समितीने १९८२ साली केली. ‘हॉक’ हे ते विमान बिदरला दाखल झाले २००८ साली. सव्वीस वर्षांचा हा हिशेब मी कोणाला दोष देण्यासाठी मांडीत नाही. पण या सव्वीस वर्षांत ज्यांची नावे दलाच्या दप्तरातून कमी झाली, त्यांच्या घरी चूक करायला जागा देणारी एखादी खोली नव्हती, हे विसरणे मला जमत नाही.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ला निरोप देण्यात आला. त्या रात्री पुतण्याने जेवण लवकर आटोपले. शहराबाहेर भारीला धावपट्टी आहे, २००९ साली ती नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबाद यांच्यासह भाडेपट्ट्याने दिली गेली, पण तिच्यावर नियमित प्रवासी विमान उतरत नाही. आणि त्याच्या लढाऊ खेळात तर विदर्भाचा नकाशाच नाही. म्हणून तो कॉकेशसमधील एका तळावर उतरला. मी दारात उभा होतो. चाके टेकली, शेपटीचे छत्र उघडले, विमान थांबले. त्याने खटके एकेक करून बंद केले, पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमाने, आणि मग वही पुढे ओढून त्या दिवसाची नोंद केली.